कलशाचे तीन झटके

"चार वाजता बाबा मले न्यायला येऊन राह्यले, ताई. त्याच्या आत सांगा, मी चोर हाय का नाही."

पूनम अजून खुर्चीवर टेकलीही नव्हती. आदिलाबादच्या बसस्टँडामागे नेहाचं तपास कार्यालय होतं. कार्यालय म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि माणिकराव. माणिकरावांनी मराठी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यात नेहालाही. आता ते तिच्या हाताखाली काम करत आणि वर म्हणत, "पोरगी माझ्या मार्गदर्शनाखाली आहे."

पूनमची हकीकत फार मोठी नव्हती. सासर नेरडीगोंड्याजवळच्या गावात, परसात देवीचं ठाणं. संक्रांतीसाठी सोमवारी डबा उघडला तर देवीची सोन्याची नथ गायब. मग घराण्याची जुनी चाल कुणाला तरी आठवली : तांब्याच्या कलशावर हात ठेवून शपथ घ्यायची, चोराला देवी झटका देते. मंगळवारी उजाडता उजाडता सगळ्यांनी हात ठेवले.

"बाकी सगळ्यायले काहीच नाही झालं. मले झटका बसला. एक नाही, तीन. टक्... टक्... टक्. हातातून शिरला अन् तळपायातून गेला."

"आणि नवरा?"

"मंचेरियलले राह्यतात, कोळशाच्या खाणीत. दोन वर्षं झाली, घर भेटलं की नेतो म्हणतात." एवढं बोलून तिनं ओठ घट्ट मिटले. "दिवाळीले येऊन गेले होते. आता नथ गेल्याचं कळल्यावर सोमवारी संध्याकाळी तेही आले."

बसमध्ये माणिकरावांनी प्रकरण सोडवूनही टाकलं.

"स्थितिक विद्युत! हवा कोरडी ठणठणीत, पोरीच्या अंगात नायलॉनचं स्वेटर. घर्षणानं प्रभार साठला, तांब्याला हात लागला, ठिणगी उडाली. देवीबिवी काही नाही."

"तीन वेळा, सर?"

"स्वेटर जाड असेल," माणिकराव म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. नेहानं पुढे काही विचारलं नाही, आणि तेच त्यांना टोचलं.

घरात पाऊल ठेवताच त्यांना जाणवलं, इथे प्रत्येक जण प्रत्येकाकडे चोरून पाहतोय. सासरे सुधाकरराव खाटेवर मान घालून बसले होते. सासू बयनाबाई मात्र ताठ होत्या.

"देवी खोटं बोलत नाही, बाई."

"कोण कुठं उभं होतं?"

"ठाण्यापुढं. मी सडा घातलेला, भुई गार पडली होती. मालकायचे गुडघे दुखतात म्हून बंडूनं, हिच्या नवऱ्यानं, पाट मांडला. त्याच पाटावरून आधी मालक, मग मी, थोरला रविकांत, बंडू. शेवटी ही." त्या थांबल्या आणि नाइलाजानं म्हणाल्या, "चोर असली तरी वळण हाय तिले. सासऱ्याच्या पाटावर पाय नाही ठेवला. खाली उभी राह्यली."

थोरली सून सुनयना दारामागून बोलली. "माही अडचण होती. मी ठाण्याकडं फिरकलीच नाही."

माणिकरावांचे कान टवकारले. सगळ्या घरात हात न लावलेली ही एकटीच! त्यांनी नेहाला कोपरानं ढोसलं. नेहा कलश उचलून पाहत होती. बुडाच्या कडेला तांबं ताजं खरवडलेलं होतं, आणि ठाण्यामागच्या भिंतीत गोठ्याच्या बाजूला बोटभर भोक होतं.

"उंदराचं," माणिकरावांनी निकाल दिला.

थोरला रविकांत शेतातून तणतणत आला. "तुमी नथीचं घेऊन बसले! मंगळवारी पहाटे रानडुकरायनं अर्धा हरभरा उकरला, त्याचं कोणी पाहून नाही राह्यलं. कुंपणाले झटका मशीन लावून हाय, तरी!"

"ते मशीन आणता का इथं? गोठ्यात ठेवा."

"मशीन काऊन?" रविकांत बुचकळ्यात पडला, पण बॅटरीची ती पेटी आणायला गेला.

राहिला बंडू. आवाज मऊ, डोळे ओले. "बायको हाय माही, ताई. पण देवीपुढं मी काय बोलणार? जगात तोंड कसं दाखवू?" माणिकरावांना त्याची मनापासून दया आली.

साडेतीनला नेहानं सगळ्यांना ठाण्यापुढे उभं केलं आणि बयनाबाईंकडून भुईवर पुन्हा पाणी शिंपडून घेतलं. रविकांतनं मशीन गोठ्यात नेऊन ठेवलेलं सगळ्यांनी पाहिलं.

"पुन्हा शपथ. या वेळी धाकट्यापासून. बंडू, हात ठेव."

बंडूनं ओल्या भुईकडे पाहिलं, मग गोठ्याच्या भिंतीकडे. भिंतीला टेकवलेला पाट त्यानं ओढला, खाली टाकला आणि त्यावर चढूनच हात पुढे केला.

"पाट काऊन, बंडू?"

"भुई... गार हाय."

"तुझ्या वडिलांचे गुडघे दुखतात. तुझं काय दुखतं?"

नेहा स्वतः ओल्या मातीत अनवाणी उभी राहिली आणि तिनं कलशावर हात ठेवला. काही झालं नाही.

"मशीन बंद आहे, तार जोडलेलीच नाही. घाबरायचं कारण एकालाच ठाऊक होतं." ती माणिकरावांकडे वळली. "सर, साठलेला प्रभार एका ठिणगीत निघून जातो, हे तुम्हीच शिकवलंत. लगेच दुसरी, तिसरी ठिणगी येणार कुठून? आणि ओल्या जमिनीवर अनवाणी माणसाच्या अंगात तो साठतच नाही. सारख्या अंतरानं तीन झटके म्हणजे मशीन."

माणिकरावांनी चष्मा पुसायला घेतला.

"मशीनची एक तार कुंपणाला, दुसरी जमिनीत. डुक्कर तारेला लागलं की वीज त्याच्या अंगातून मातीत उतरते, मंडल पुरं होतं. मंगळवारी ती पहिली तार भोकातून कलशाला लावली होती. तांबं खरवडलंय ते त्यामुळेच. मशीन रात्रभर गोठ्यात, म्हणून डुकरांना हरभरा मोकळा."

"मग मशीन तर माह्याच ताब्यात असते!" रविकांत घाबरला.

"तुम्ही नेलं असतं तर डुकरांची बोंब स्वतःच ठोकली नसती. सुनयनाताई इकडे आल्या नाहीत. पाटावरचे सगळे वाचले, कारण कोरडं लाकूड वीज वाहू देत नाही. आणि पाट बंडूनं मांडला. वडील आधी त्यावर उभे राहिले की आपली बायको त्याला पाय लावणार नाही, मातीतच उभी राहील, हे त्याला पक्कं माहीत होतं. तिचं चांगलं वळण हाच त्याचा सापळा."

सुधाकरराव बंडूसमोर जाऊन उभे राहिले. "नथ कुठं हाय रे?"

इतका वेळ खांबाला टेकलेली पूनम पुढे आली. तिचा आवाज शांत होता, आणि त्याचीच माणिकरावांना भीती वाटली.

"मंचेरियलले हाय, मामंजी. कोणाच्या नाकात हाय, तेवढं याईले विचारा."

बंडूची मान खाली गेली ती वर आली नाही. सुधाकररावांनी हात उगारला आणि तसाच हवेत राहू दिला. माणिकरावांना स्वतःचीच लाज वाटली. दया चुकीच्या माणसावर खर्च झाली होती.

बाहेर रिक्षा थांबली. पूनमचे वडील अमृतराव दारात उभे राहिले, आज बापानं काय काय ऐकायचं ते ऐकायच्या तयारीनं. बयनाबाईंनी धावत जाऊन सुनेचे दोन्ही हात धरले.

"नको जाऊ, पोरी. चुकलं आमचं. आता तुले कोणी चोर नाही म्हणणार."

"म्हूनच जाता येते, आत्या," पूनम म्हणाली. "सकाळी गेली असती तर तुमी काढली म्हणून गेली असती."

तिनं हलकेच हात सोडवून घेतले, पिशवी उचलली आणि दाराकडे गेली. अमृतरावांना विचारायचं धाडस होत नव्हतं.

"मी चोर नाही, बाबा," ती म्हणाली. "चला."