काटोल रोडच्या गोडाऊनमधली थाप

लाइट येईपर्यंत बसा इथंच, गच्चीवर. अमोल, मोबाइलची बत्ती बंद कर गा, डोळ्यावर येऊन राहिली. पिंकी, शाल घे वं.

भूत असते का नसते, ते मी सांगणार नाई. रोशनीसंग काय झालं तेवढं सांगतो. आमच्या जरीपटक्यातली पोट्टी, माह्या दुकानामागं राहते. ड्रम वाजवते. अर्धं तिच्या तोंडून ऐकलं, अन् थोडं माह्या डोळ्यानं पाह्यलं.

२०२५ ची एकवीस जानेवारी. मंगळवार. सकाळीच तिचा फोन आला.

"काका, टेम्पो पाहिजे. ड्रम काटोल रोडले न्यायचे आहेत."

माहं काम लग्नात साऊंड लावायचं. मी म्हटलं, "तिकडं कोणाचं लग्न आहे वं?"

"लग्न नाई काका. रेकॉर्डिंग आहे."

रोशनी अन् गोपिका, दोघींचाच बँड. गोपिका तिकडच्या बेसा भागातली. गिटार वाजवते अन् गाते, मोठ्यानं गाते. त्याईचा पहिला अल्बम चालू होता. सात गाणे झाले होते, आठवं बाकी. पुण्याहून ऋषिकेश नावाचा प्रोड्यूसर आला होता. गाणं कसं वाजलं पाहिजे, कुठं काय कमीजास्त करायचं, ते तो पाहे. माणूस भला. पण त्याचा एकच धोशा.

"'मले' नको गं, 'मला' म्हण. 'माह्या' नको. बाहेरच्यांना कळणार नाही."

गोपिका म्हणे, "ज्याले कळायचं त्याले कळते."

आठव्या गाण्याले मोठ्या जागेचा घुमारा पाहिजे होता. म्हणून ते संत्र्याचं गोडाऊन पाह्यलं. नऊ वर्षांपासून रिकामं. चारही बाजूनं पत्रा, वरतं पत्रा, खाली फरशी. दिवसा रोडवरच्या ट्रकांचा आवाज आत येते, म्हणून रात्रीच काम करायचं ठरलं. बुधवारी सकाळी ऋषिकेशची गाडी होती. म्हणजे एकच रात्र.

सांजेले त्या दोघी, ऋषिकेश अन् मी पोचलो. राखणदार रुपराव, सत्तरीचा म्हातारा, त्यानं कुलूप काढलं. मी सामान उतरवलं. जाता जाता तो पोट्ट्याईले म्हणाला, "बाराच्या आत आटपा. मंग आवाज करू नका."

"काहून, आजोबा?"

म्हाताऱ्यानं कुलूप खिशात टाकलं. मंग बोलला.

"इथं पन्नास बाया संत्री निवडत. हात चालता चालता एखादी गाणं म्हणे. धोंडबा मुकादमाले ते खपे नाई. बाहेरून पत्र्यावर एक थाप मारे. एकच. सगळ्या गप. तो मेला, लय वर्षं झाले. थाप नाई गेली."

रोशनीनं विचारलं, "अन् कोणी गप नाई झालं तं?"

रुपरावनं तिच्याकडं पाह्यलं. "आजपर्यंत सगळेच झाले, पोरी."

मी टेम्पो घेऊन घरी आलो. पुढचं तिघांनीबी मले एकसारखंच सांगतलं.

माईक लावता लावताच साडेदहा झाले. पहिल्यांदा गोपिकाची तार तुटली. दुसऱ्यांदा ट्रक आला, हॉर्न वाजवत गेला. थंडीनं बोटं आखडली. चहा पिऊन, हात शेकून तिसऱ्यांदा बसल्या, तवा बारा वाजून वीस मिनिटं झाले होते.

गोपिकानं पहिली ओळ उचलली.

"मले गप नको म्हणू गा, माह्या गळ्यात मे महिना…"

थाप.

मागच्या पत्र्यावर. एकच. पूर्ण गोडाऊन हाललं.

तिघंबी थांबले. रोशनीनं काड्या हवेत धरून ठेवल्या. बाहेर कुत्रंबी भुंकत नव्हतं.

"रुपराव असेल," ऋषिकेश म्हणाला.

रोशनी दार उघडून पाहून आली. रुपराव दूर रोडपाशी शेकोटीजवळ बसला होता. त्याच्याबी कानावर थाप गेली होती. तिथूनच त्यानं दोन्ही हात जोडले. गप बसा, म्हणून.

ऋषिकेशचा चेहरा उतरला. "थांबूया. माझं ऐका. हे गाणं राहू दे, सात गाण्यांचा अल्बम करू."

"उद्या तुम्ही चालले," गोपिका म्हणाली. "हे आज नाई तं कधीच नाई."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना." गोपिकानं गिटारचा पट्टा पुन्हा खांद्यावर घेतला.

रोशनी ड्रमवर जाऊन बसली. म्हणाली, "घरी बाप गप म्हणते. खालच्या मजल्यावरचे गप म्हणतात. आता मेलेला मुकादमबी म्हणून राहिला का? नाई बसत आम्ही गप. सर, मशीन चालू करा."

"रोशनी…"

"चालू करा."

त्यानं केली. खरं सांगतो, त्याले पळता आलं असतं. दार उघडं होतं. नाई पळाला.

गोपिकानं ओळ उचलली.

थाप.

ती गात राहिली.

थाप. आता डाव्या पत्र्यावर. मंग कोपऱ्यात. मंग उजवीकडं. कोणी तरी गोडाऊनले फेरी घालून राहिलं होतं. चालत नाई… पळत.

रोशनी वाजवत राहिली. थाप पडली का ती दुप्पट जोरानं मारे. थाप, अन् तिचा ठोका. थाप, अन् ठोका. घाम डोळ्यात गेला. पुसला नाई.

थाप दारावर आली.

दार आपोआप लागलं.

बल्ब बारीक झाला. विझला नाई. बारीक झाला. संत्र्याचा वास आला… सडल्या संत्र्याचा. नऊ वर्षांचं रिकामं गोडाऊन, अन् नाकात झोंबणारा वास.

ऋषिकेशनं डोळे मिटले. हात मशीनवरून काढला नाई.

गोपिका कडव्यावर आली. तिथं ड्रम थांबतात. नुसता गळा. रोशनीनं हात उचलले. पाय उचलला.

गोडाऊनात एकच आवाज. गोपिकाचा.

अन् मंग…

धप्प.

मोठ्या ड्रममधून.

रोशनीनं खाली पाह्यलं. पाय हवेत होता. पायानं वाजवायचा ड्रम तो. पायडल जागच्या जागी.

धप्प.

आतून.

तिच्या मांडीले तो धक्का लागला. गोपिकानं मागं पाह्यलं. दोघींची नजरानजर झाली. गोपिकाचा आवाज फाटला… पण थांबली नाई. फाटक्या आवाजातच पुढची ओळ घेतली, आधीपेक्षा मोठ्यानं.

धप्प.

"ये मंग," रोशनी म्हणाली. दात आवळून. "वाजव."

तिनं पाय खाली दाबला. आतून धप्प, बाहेरून तिचा ठोका. एका तालात. एक कडवं. दुसरं. शेवटची ओळ चार वेळा म्हणायची होती. गोपिकानं आठ वेळा म्हटली.

गाणं संपलं.

ऋषिकेशनं मशीन बंद केली.

पत्रा गप. ड्रम गप. वास गेला होता. बल्ब पहिल्यासारखा झाला. घड्याळात बारा वाजून एकतीस मिनिटं.

तिघंबी उजाडेपर्यंत तिथंच बसले. निघून नाई गेले. रोशनी म्हणे, "आम्ही काहून जायचं?"

सकाळी सातले मी टेम्पो घेऊन पोचलो. तिघंबी उन्हात बसले होते. डोळे लाल. रुपराव गोडाऊनच्या आत झाडू मारून राहिला होता, अन् हलकेच काही गुणगुणत होता. काल रात्री तोच गप बसा म्हणून हात जोडत होता.

मे महिन्यात अल्बम आला. ऋषिकेशनं पुण्याहून पाठवला, गाण्यातला एक शब्द बदलला नव्हता. रेकॉर्डिंगमधी ड्रम ऐकू येते, गोपिका ऐकू येते. पत्र्यावरची एकबी थाप नाई.

काय म्हणते, पिंकी? ड्रममधी मुकादमच शिरला होता का?

मलेबी पहिले तसंच वाटलं होतं. त्या सकाळी मी तो मोठा ड्रम उचलला. दारात तिरपं ऊन त्याच्या पुढच्या पडद्यावर पडलं. जाड प्लास्टिकचा पडदा असते तो, हातानं दाबला जात नाई. त्याच्यावर आतून बाहेर फुगलेला पंजा होता. पाचही बोटं. रोशनीनं त्याच्यावर आपला हात ठेवून पाह्यला, तं तिचा मोठा भरला. तिनं पडदा बदलला नाई. आजबी त्याच्यावरच वाजवते, जाऊन पाहा.

पंजा लहान आहे. अन् मनगटापाशी, एकाखाली एक, बांगड्यांच्या सहा रेघा.