उष्टा चमचा

बसा हो दादा, बसा. नळाचं काम होत राहील, गळून गळून किती गळणार आहे? हे आत चहा टाकताहेत. मघाशी त्यांनी आतून 'साखर किती?' विचारलं, तुम्ही सांगितलंत, आणि त्यांनी ओच दिली नाही. मनावर घेऊ नका. चहा येईपर्यंत माझं ऐकून घ्या. कुठून बोलतेय म्हणून शोधू नका, नुसतं ऐका.

ह्यांनी जन्मभर जामच्या कारखान्यात चव घ्यायचं काम केलं. लोक म्हणायचे, खायचा पगार घेतो, चैन आहे बुवा! पण जीभ म्हणजे काय जीभ होती! मी भाजीत मीठ मागाहून घातलं की पहिल्या घासाला, 'आज विसरली होतीस ना?' नुसता वैताग. मग एकदा तापाने फणफणले. ताप उतरला तो चव घेऊनच. सगळं मातीसारखं लागतं का हो, मी विचारलं, तर म्हणाले, 'मातीला तरी चव असते.' ताटावर बसायचे आणि पाणी पिऊन उठायचे. अंगातला सदरा लोंबायला लागला. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत संपणार, एवढंच मला दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, थंड हवेच्या ठिकाणी नेऊन आणा, कदाचित भूक लागेल.

नेलं की. हौसेने नेलं. रोपवेच्या पाळण्यातून दरी ओलांडली, तळ्यात नाव वल्हवली, सूर्यास्त बघायला म्हणून गेलो आणि धुकं बघून आलो. खाण्याचं तर विचारूच नका. टपरीवरचं मशरूमचं वाफाळतं सूप, कोळशावर भाजलेलं कणीस, काडीला टोचलेले चीजचे तुकडे. प्रत्येक ठिकाणी मी आपली त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. ते मान हलवायचे आणि पुढे चालायला लागायचे. मधवाल्याच्या दुकानाबाहेर मात्र थांबले. म्हणाले, 'चल, घरी जाऊ. माझ्यापायी तू कशाला वणवण करतेस?'

बसस्टँडकडे उतरताना भरदुपारी धुकं आलं. असं आलं की माझाच हात मला दिसेना. पायवाट चुकली. ओल्या लाकडाचा वास, आणि कुठेतरी काहीतरी शिजत होतं... गुडगुड, गुडगुड. त्या आवाजाच्या मागे गेलो तर एक दुकान. आत माझ्याच वयाची एक बाई, फळीवर बाटल्याच बाटल्या. जामच होता, पण रंग नाही, वास नाही. बाईने एक बाटली उघडून चमचा दिला. हळूच म्हणाली, 'चाखा. फक्त तोंडाला लागलेला चमचा परत बाटलीत घालू नका.'

हे हसले! कितीतरी दिवसांनी हसले. कारखान्यात हाच ह्यांचा नियम. उष्टा चमचा बाटलीत घालणाऱ्याची ते बिनपाण्याने करायचे. घरी मीसुद्धा सुटले नव्हते.

मी आधी चाखला. कसली म्हणून चव नाही, हवा खाल्ल्यासारखं. माझा धीरच सुटला हो. 'तुम्ही बघा, तुम्हीच बघा,' म्हणत घाईघाईत तोच चमचा बाटलीत बुडवला आणि ह्यांच्या तोंडात घातला.

ते थबकले. डोळे मिटले.

'अगं... लागतंय.'

'काय लागतंय?'

'तू उन्हातून घरी आल्यावरचा वास... लग्नानंतर तू करपवलेलं पहिलं जेवण... तापात माझ्या कपाळावर ठेवलेला तुझा हात...' आणि घळाघळा रडायला लागले.

दुकानातली बाई पांढरीफटक पडली होती. 'उष्टा घातलात? मग ही आता तुमची. न्या.' पैसे घेईना. दारात माझ्या कानाशी येऊन म्हणाली, 'पुरवून पुरवून खायला सांगा हं...'

मला काय कळणार त्यातलं! मी तर आनंदाने वेडी झाले होते. बसमध्येही हे चमच्यामागून चमचा खात होते. कंडक्टरने माझं तिकीट विचारलं नाही. एक बाई माझ्या मांडीवर पिशवी ठेवायला लागली.

घरी आल्यावर ह्यांचं जेवण सुरू झालं. पानात कणभर तो जाम असला की सगळं गोड लागायचं. अंग भरलं, चेहऱ्यावर तेज आलं. मी बोलले की आधी 'काय?' म्हणायचे. मग तेही म्हणेनासे झाले. एके दिवशी मी ओट्याशी उभी असताना माझ्यातून हात घालून त्यांनी मीठ घेतलं.

शोधलं हो बिचाऱ्यांनी मला. डोंगरावर जाऊन आले, दुकान कुणाला माहीतच नाही. बायको धुक्यात हरवली म्हणून सांगतात. फार आठवण आली की एक चमचा खातात, तेवढ्यापुरती मी त्यांना भेटते. मी समोर उभी राहून ओरडत असते, नका खाऊ, मी संपतेय... आणि नाही खाल्लं तर दुसरं काही त्यांच्या घशाखाली उतरत नाही. सांगा, मी काय करू? त्यांना उपाशी मरताना बघू?

माझा आवाज तुम्हाला कसा ऐकू येतो? अहो दादा, आल्या आल्या त्यांनी तुम्हाला चमचा दिला ना? 'आमच्या हिची आठवण आहे, चाखून बघा,' म्हणाले. येईल त्याला ते बोटावर थेंबभर देतात, चमचा कधीच देत नाहीत. आज काय झालं कोण जाणे. तुम्ही तो चाटून त्यांच्या हातात दिलात, आणि जन्मभर लोकांना ओरडत आलेल्या त्या माणसाने तो तसाच बाटलीत घातला आणि स्वतः चाखला. मी बघितलं. आता त्या बाटलीत तुम्हीही आहात, म्हणून मी ऐकू येतेय.

तळाशी जरासंच उरलं होतं. माझं तर आता झालंच... पण तुम्हालाही फार वेळ नाही, दादा. ऐका, चमचा वाजतोय. बाटली खरवडताहेत. उठा, आत जा, हात धरा त्यांचा. हाक मारा. मोठ्याने मारा...

थांबा. आलेच ते बाहेर.

तुमच्या खुर्चीकडे बघताहेत. दाराकडे बघताहेत. 'न सांगताच गेला की काय,' असं म्हणताहेत.

कप एकच आणलाय.