अनुत्तरित रडे

प्रयोगशाळेच्या दारात चपला काढायच्या की नाही, हे कुमुदताईंना कळेना. फरशी लखलखीत होती आणि आतल्या मुली पांढरे मोजे चढवून मांजरासारख्या हिंडत होत्या. शेवटी त्यांनी चपला काढून पिशवीत घातल्या. सांगलीत सव्वीस वर्षे घरच्या घरी पाळणाघर चालवणाऱ्या, दीडशेच्या वर पोरे अंगाखांद्यावर खेळवलेल्या बाईला अठ्ठावन्नाव्या वर्षी परीक्षेला बसवायचे, ही अक्कल कुणाची, असे त्या रिक्षात दोनदा म्हणाल्या होत्या. पण नव्या कायद्याने या परीक्षेवाचून परवाना मिळत नव्हता. आज नापास झाल्या तर उद्यापासून घरी येणारी पाचही बाळे दुसऱ्या दारी जाणार होती. चाळीस तासांचे वर्ग त्यांनी कुरकुरत का होईना पुरे केले होते. राहिली होती ही शेवटची पायरी.

"बसा मावशी. भीती वाटतेय?" परीक्षक डॉ. शर्वरी मोकाशींनी विचारले. वयाने त्या कुमुदताईंच्या सुनेएवढ्या होत्या.

"बाळांची नाही वाटत. तुमच्या यंत्रांची वाटते."

शर्वरी हसल्या. "तुमच्याकडची मुलं संवेदन-टोपडं घालतात ना?"

"घालतात की. तीन वर्षं झाली. काढून भिरकावतात, ती गोष्ट निराळी."

"त्या टोपड्यात बाळाला जाणवतं ते सगळं नोंदलं जातं. उजेड, आवाज, वास, भूक, ओलेपणा. त्या नोंदीला आम्ही अनुभवमुद्रा म्हणतो. हा शिरोबंध लावला की पाव तास तुम्ही ते बाळ व्हाल. फक्त जाणीव तुमच्यापर्यंत पोचेल, अर्थ पोचणार नाही. बाळाजवळ शब्द कुठे असतात? अर्थ तुम्ही लावायचा."

"आणि परीक्षा कशाची?"

"परीक्षेत अनुत्तरित रडं देतो आम्ही. बाळ रडलं, सांभाळणारीनं सगळं करून पाहिलं, पण कारण काही कळलं नाही, असं रडं. तुम्ही बाहेर आलात तरी ते ऐकू येत राहील. मग कारण आणि उपाय लिहायचा. मुद्रेतल्या बाळाच्या मनाला तो उपाय यंत्र लावून बघतं. बरोबर असला तर रडं थांबतं."

"आणि चुकला तर?"

"महिन्यानं पुन्हा तीच मुद्रा. तोवर परवाना नाही."

"म्हणजे बरोबर आलं तर पुढच्या बाईला मी उत्तर फोडायचं!"

"नाही हो. उत्तर मिळालं की ती मुद्रा त्याच क्षणी पुसली जाते. मूळ नोंदही जाते. शिकण्यापुरतीच ठेवायची, असा कायदा आहे."

"पण आपल्या लेकराचं रडं असं परक्या बायकांना द्यायला आईबाप तयार होतात?"

शर्वरी यंत्राची बटणे बघत म्हणाल्या, "जिवंत बाळाची मुद्रा त्यांना देता येतच नाही. ती त्या बाळाची. अठरा वर्षांचं होऊन त्यानं स्वतः सही करेपर्यंत कुणालाच उघडता येत नाही. आमच्याकडे येतात त्या फक्त वारसाहक्कानं आईबापांकडे आलेल्या."

कायद्याची भाषा सुरू झाली की कुमुदताईंचे कान आपोआप मिटत. त्यांनी मान डोलावली आणि शिरोबंधासाठी अंबाडा सैल केला.

आधी नुसता उजेड आला. मग भरलेले पोट, कोरडे लंगोट, कुणाच्या तरी खांद्याची ऊब. सगळे ठीक होते आणि तरी काहीतरी भयंकर झाले होते. गालाशी एक मऊ कापड होते. नाक त्यात पुन्हा पुन्हा खुपसले जात होते आणि दर वेळी तिथे काहीच नव्हते. कुणी पोट शेकले, ओव्याचा वास आला. तोंडाशी बोंडले आले, ते जिभेने ढकलले. दृष्ट काढलेल्या मिरच्यांचा ठसका लागला. वर निळ्या कागदाचा मोर टांगलेला होता. त्याची शेपूट फाटलेली होती आणि पिवळ्या चिकटपट्टीने जोडलेली होती.

ती चिकटपट्टी कुमुदताईंनीच लावली होती.

"उगी, उगी," डोक्यावरून एक घोगरा आवाज आला, "काय झालं गं माझ्या साळुंकीला?"

साळुंकी ही हाक त्यांनी एकाच पोरीला मारली होती. शिरोबंध निघाला तेव्हा त्यांचे डोळे लुकलुकत होते.

"अहो मॅडम, ही तर माझी रेवा! रेवा भोकरे! माझं घर ते, माझा मोर! आणि आवाज बघा माझा, रेड्यासारखा!"

कर्ण्यातून रडे चालूच होते. कुमुदताईंना तो दिवस लख्ख आठवला. दोन वर्षांपूर्वी रेवा सलग चार तास रडली होती. संध्याकाळी आईने उचलून घेताच गप्प झाली. आठवड्याभरात तिचे आईवडील बदली होऊन बंगळूरला गेले. आपल्यावर रागावून गेले, असे कुमुदताईंनी तेव्हाच मनाशी पक्के केले होते.

"कशी आहे हो ती? आता बालवाडीत जात असेल. बोलायला चुरूचुरू असणार, सांगते तुम्हाला."

शर्वरींचा चेहरा उतरला. "मावशी, मला माहीत नव्हतं. आम्हाला नावं दिसत नाहीत."

"असू दे हो. पण आहे कशी?"

शर्वरींनी नजर यंत्राकडे वळवली. तेव्हा कुठे मघाचा तो शब्द कुमुदताईंना पुन्हा ऐकू आला. वारसाहक्क कुणाच्या मागे येतो, हे कळायला कायदा शिकावा लागत नाही. त्यांनी हातातली पिशवी घट्ट धरली.

"कधी?"

"गेल्या ऑगस्टमध्ये. मेंदूज्वर. अकरा दिवस हॉस्पिटलात होती. एवढंच नोंदलंय."

गेल्या ऑगस्टमध्ये रेवाच्या वाढदिवसाला कुमुदताईंनी फोन केला होता. तिच्या आईने उचलला नाही. त्यावर "कामापुरत्या गोड या बायका" असे त्यांनी सुनेला ऐकवले होते आणि पुन्हा म्हणून फोन केला नव्हता. तिच्यासाठी विणलेला लाल स्वेटर मात्र कपाटात तसाच होता. आता त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या मान वर करीनात.

उत्तराच्या पाटीवर दहा मिनिटे होती. त्यातली चार गेली.

कारण त्यांना ठाऊक होते. पाटीवरच्या नोंदीप्रमाणे या मुद्रेत आधी सात जणी बसून नापास झाल्या होत्या, पण ते कापड कुठले हे त्यांना कसे कळावे? ती रेवाच्या आईची जुनी ओढणी होती. तोंडाशी धरल्याशिवाय पोरगी झोपत नसे. पाळणाघरांच्या सरकारी तपासणीच्या धास्तीने कुमुदताईंनी त्या सकाळी ती गरम पाण्यात, जंतुनाशक घालून, खसाखसा धुतली होती. बाळाजवळचे प्रत्येक कापड रोज धुवावे, हा सरकारी नियमावलीतला नियम चौदावा. त्यांच्या स्वच्छ हातांनी पोरीची आई ओढणीतून धुऊन काढली होती, आणि वर त्या पोरीचीच दृष्ट काढत बसल्या होत्या.

"चुकीचं लिहिलं, तर महिन्यानं पुन्हा हीच ना?" त्यांनी विचारले.

शर्वरींना अर्थ कळला. "हो. पुन्हा पाव तास. पण बरोबर लिहिलंत तर..." त्यांनी कर्ण्याकडे पाहिले. "मावशी, तुम्ही काहीही लिहा. मी कुणाला सांगणार नाही."

कुमुदताईंनी 'भूक' शब्दातला 'भू' लिहिला. पुन्हा एकदा तो मोर दिसला असता. पुन्हा एकदा साळुंकी त्यांच्या खांद्यावर असती, ऊब लागली असती. पाच बाळांचे आईबाप महिनाभर कुठेतरी सोय बघतीलच. मग पुन्हा चूक करता आली असती. त्यांना ते हवे होते, अगदी जिवापाड हवे होते.

कर्ण्यात रेवाचा श्वास अडखळला. रडून रडून दमलेले बाळ दुसऱ्या दमाला लागण्याआधी घेते, तसा हुंदका आला. तो ऐकून सव्वीस वर्षांत त्या कधी बसून राहिल्या नव्हत्या. रडणारे लेकरू आपल्याजवळ राहावे म्हणून त्याला रडत ठेवायचे, हे त्यांच्या हातून होईना. त्यांनी 'भू' पुसला आणि लिहिले, 'ओढणी धुतली. आईचा वास गेला. आईच्या अंगावरचं न धुतलेलं कापड जवळ द्या.'

रडे लगेच थांबले नाही. आधी बारीक झाले. दोन हुंदके आले, नाक ओढल्याचा आवाज आला, मग एक लांब उसासा. कर्णा शांत झाला. पाटीवर दोन ओळी उमटल्या: परवाना मंजूर, मुद्रा पुसली.

"मावशी!" शर्वरी खुर्चीतून उठल्याच. "मी आजच वर कळवते. तो चौदावा नियम बदलायलाच हवा."

कुमुदताईंचा उजवा हात टेबलावर हलके हलके थोपटत होता. तो थांबला नाही. डाव्या हाताचे बोट त्यांनी ओठांवर ठेवले.

"हळू बोल गं," त्या म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."