सौजन्य : गजेंद्रभाऊ

अकोल्यात थोबाडाशिवाय काही उभं राहत नाही. लग्न असो, तेरवी असो, नळाची नवी तोटी असो, फ्लेक्स लागतो आणि फ्लेक्सवर चेहरा लागतो. खाली शुभेच्छुकांची रांग. जुन्या शहराकडे जाताना पुलावरून मोर्णा नदी दिसायची म्हणतात. मी तर चेहरेच पाहत आले.

मी नीलम. आमच्या संस्थेच्या शाळेत चित्रकला शिकवते. मला शिकवलं बाळापूरच्या धर्मपाल सरांनी. सरांना एकच वेड, बेल्जियमची चित्रं. रद्दीतल्या मासिकांतून, जुन्या कॅलेंडरांतून कापून जन्मभर जमवली. "आपल्या वऱ्हाडाहून लायना देश," ते म्हणत, "पन पाह्य, डोये किती तऱ्हेचे त्याले!" व्हॅन आइकचा दाढीचा केस न् केस रंगवणारा डोळा, बर्फात वाकलेली खेडूत माणसं पाहणारा ब्रॉयगलचा डोळा. रुबेन्स म्हणजे घामेजलेलं, मस्तवाल मांस. मग एन्सोरचे मुखवटे, आणि शेवटी मॅग्रितची टोपीवाली माणसं, ज्यांचा चेहरा कधी धड सापडत नाही.

आता सरांच्या डोळ्यांचा पडदा झिजत चाललाय. हातातलं चित्र दिसत नाही. नजर पुरती जाण्याआधी ती सगळी भिंतीएवढी करून त्यांना एकदा दाखवायची, एवढंच मला हवं होतं. संस्थेचे अध्यक्ष गजेंद्रभाऊ फ्लेक्सचा खर्च करायला तयार झाले.

फ्लेक्स आले, हॉलमध्ये लागले. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात भाऊ! पांढरा शर्ट, गॉगल, जोडलेले हात, खाली 'सौजन्य'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांचा जन्म गेला त्यात, आणि हा आयत्या बिळावर नागोबा.

"भाऊ, ही चित्रं आहेत. तुमचा वाढदिवस नाही."

"पैसा म्या देल्ला ना मॅडम? फोटो नसन तं लोकं मले ओयखतीन कसे?"

ते गेल्यावर मी तिथूनच सरांना फोन लावला. सर म्हणाले, "जुनीच रीत हाये, नीलम. तिकडंही पैसा देनारा चित्रात राहे. एका बाजूले, गुडघे टेकून. पन चिताऱ्याच्या हातानं."

"मग घ्या ना त्याला आत!" मी भिंतीकडे पाहून ओरडले. "टेकू दे गुडघे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल उघडला. पहिल्या, व्हॅन आइकच्या चित्राचा कोपरा मोकळा होता.

भाऊ चित्रात होते. येशूला मांडीवर घेतलेल्या मरियमच्या उजवीकडे, लाल गालिच्यावर, गुडघे टेकून. गालावरचे खुंट एकेक करून रंगवलेले. गॉगलच्या काचेत इवलीशी खिडकी आणि त्या खिडकीत आमचाच हॉल. जवळ गेले तर तैलरंगातल्या जवसाच्या तेलाचा वास आला. फ्लेक्सला असा वास नसतो.

फ्लेक्सवाल्या श्रावणला फोन लावून झापलं. "म्या काहीच नाई केलं मॅडम," तो म्हणाला. "फाइल हाये तशीच हाये."

दुपारी ब्रॉयगलचा कोपरा रिकामा झाला. भाऊ बर्फात मोळी ओढत होते, बोटाएवढे, कुणाचं लक्षही जाऊ नये असे. संध्याकाळी रुबेन्सने त्यांना गुलाबी पोट दिलं, ओठावर घाम दिला. पुढच्या सकाळी एन्सोरच्या गर्दीत कोणता मुखवटा आणि कोणते भाऊ, ते सांगता येईना. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. एकदाचा तो माणूस चित्राच्या कायद्यात आला होता.

उद्घाटनाच्या दिवशी गेटवर आरडाओरडा चालला होता. पांढऱ्या शर्टातल्या एका माणसाला चौकीदाराने अडवलं होतं.

"अबे, मी गजेंद्र! मले अडवून राहिला?"

"भाऊले आमी ओयखतो," चौकीदार म्हणाला. "तुमी कोन?"

आवाज भाऊंचाच होता. मी चेहऱ्याकडे पाहिलं. नाक होतं, डोळे होते. पण नजर हटली की त्यातलं काही आठवत नव्हतं.

"मॅडम," तो माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "मले काढा तिथून. फाडा ते सारं."

मॅग्रितच्या कोपऱ्यात फोटो अजून होता. तिकडे सर ऑटोतून उतरत होते. आज फाडलं, तर सरांना हे पुन्हा कधी दिसणार नव्हतं.

"आधी सरांचं पाहून होईल," मी म्हणाले. "तोवर उभे राहा बाहेर. शिका जरा."

सरांना आत नेलं आणि दार लावून घेतलं.

सर एकेका चित्रापाशी थांबले. बोट हवेत फिरवत रेषा गिरवत राहिले. "दिसते," म्हणाले, "सारं दिसते, पोरी." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

शेवटच्या चित्रापाशी पोचलो. कोपरा रिकामा होता. टोपीवाल्यांच्या रांगेत पांढऱ्या शर्टातला एक माणूस पाठमोरा उभा होता.

बाहेरचा आरडाओरडा थांबला होता.

मी खिडकीतून पाहिलं. गेटवर कुणीच नव्हतं. चौकात भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. जोडलेले हात, पांढरी कॉलर, आणि कॉलरच्या वर नुसतं आभाळ. खालून लोक जात होते. कुणी मान वर करत नव्हतं.

"नीलम," सर पहिल्या चित्रापाशी परत गेले होते. "या गुडघे टेकलेल्या मानसाच्या मांगं एक बाई बसली. निळी साडी. तोंड नाई काढलं अजून तिचं."

निळी साडी मी नेसले होते.

मी धावतच सरांपाशी गेले, अगदी जवळ. इतक्या जवळून ते मला नेहमी ओळखत.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग परक्या माणसाला करावा तसा नमस्कार केला.

"बाई," ते म्हणाले, "आमची नीलम आत्ता इथंच होती. पायली का तुमी?"