पाठमोरी

सिनेमाच्या पोस्टरवरचा माणूस पाठमोरा असेल, तर तो नट नाही असं खुशाल समजावं. नट चेहरा विकतो. पाठ दाखवायला तो कशाला येईल? ती पाठ स्पॉटबॉयची असते, निर्मात्याच्या मेहुण्याची असते, नाहीतर पोस्टर करणाऱ्याच्याच घरातल्या कुणाची तरी. धंद्यातली ही उघड गोष्ट आहे आणि त्यात आपण कुणाला फसवलं असं कुणी मानत नाही.

गल्लीत ज्याला सगळे पोस्टरवाला म्हणत, त्याने असे बरेच जण खपवले होते. एका युद्धपटात मावळत्या सूर्याकडे बघणारा सेनापती म्हणजे त्याचे स्वतःचे सासरे होते. त्यामुळे बंद दारासमोर उभी असलेली एक बाई हवी, असा निर्मात्याचा निरोप आला तेव्हा त्याने सरळ बायकोला हाक मारली.

"लांब कोट घाल आणि दाराकडे तोंड करून उभी राहा. केस मोकळे सोड."

"म्हणजे तोंड नको, नुसती पाठ हवी," ती म्हणाली. "लग्नाला इतकी वर्षं झाली की हे व्हायचंच."

तो हसला. फोटो काढला, संगणकावर घेतला आणि तिला फोटोतल्या दारापासून कापून वेगळं करत बसला. माणूस कापून घेताना सगळ्यात छळतात ते केस. एकेक बट वेगळी करावी लागते, घाई केली की डोक्यावर टोपलं ठेवल्यासारखं दिसतं. तिचा स्वतंत्र लेअर, म्हणजे चित्राचा सुटा थर, झाला, मागे उदास निळा रंग बसला, आणि काम फक्कड जमलं. स्वतःवर खूश होऊन तो चहा प्यायला स्वयंपाकघरात गेला.

बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. यात काय विशेष? मग ती कप घेऊन टेबलाशी आली, त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसली, आणि तरी त्याला तिचे केसच दिसत राहिले. कप तिच्या पलीकडे कुठेतरी उचलला गेला. चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

"रागावलीस का?"

"कशाबद्दल?"

"मग अशी पाठ करून का बसलीस?"

"तुझ्यासमोर तर बसलेय." आवाज पलीकडून आला. "डोळ्यांत काही गेलंय का तुझ्या?"

त्याने हात पुढे करून तिच्या गालाला लावायला पाहिलं. बोटं केसांत गेली.

"अरे, काय हे! आई बघतायत," ती लाजून म्हणाली.

तो उठला, टेबलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला. तिथूनही केस, कोटाची खांद्यावरची शिवण, पाठ. कोट तर तिने कधीच काढून ठेवला होता.

त्याची आई दारात उभी होती. "तिच्या तोंडाकडे बघ जरा. किती दमलीय," ती म्हणाली. "दिवसभर त्या डबड्यात डोळे घालून बसतोस. बायकोचं तोंड शेवटचं कधी नीट बघितलंस?"

आईला दिसत होतं. शेजारणीला दिसत होतं. त्यालाच दिसत नव्हतं. आरशात तिच्या मागे उभं राहून पाहिलं, तर आरशातही पाठ. मोबाइलमधले जुने फोटो उघडले. लग्नाच्या फोटोत तो कॅमेऱ्याकडे बघून दात काढत होता आणि त्याला खेटून, हारासकट, एक मोकळ्या केसांची पाठ उभी होती. समुद्रावर पाठ. आईच्या वाढदिवसाला पाठ. तो घाबरला, आणि कुणाला सांगावं हे न कळल्यामुळे आणखी घाबरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निर्मात्याचा फोन आला.

"बाई झकास उभी आहे हो. पण नुसत्या पाठीवर तिकिटं खपतात का? वळवा तिला. आमच्या नायिकेला फोटोला सवड नाही, तेव्हा चेहरा कुणाचाही लावा, जरा अंधारात ठेवा. आज दुपारच्या आत छापायला गेलं पाहिजे."

तो फाइल उघडून बसला. स्क्रीनवर प्रत्येक लेअरशेजारी एक छोटा डोळा काढलेला असतो. तो दाबला की तेवढं चित्र दिसेनासं होतं. पुसलं जात नाही, नुसतं झाकलं जातं. स्वयंपाकघरात बायको आईला काहीतरी रंगवून सांगत होती. "तो दुकानदार म्हणतो कसा, ताई, पंखा हाच घ्या, पुढची दहा..."

त्याने डोळा दाबला.

स्क्रीनवर नुसतं दार उरलं. आतला आवाज वाक्याच्या मध्येच तुटला. नळ चालू होता. आईने काही विचारलं नाही, हाक मारली नाही. त्याने घाईघाईने पुन्हा दाबलं.

"...वर्षं बघायला नको!" बायको म्हणाली, आणि दोघी हसल्या.

 म्हणजे ती इथे, या फाइलमध्ये होती. पुसून सुटका नव्हती, आणि एकदा का सगळं छापलं गेलं की ती अशीच राहणार, कायमची दाराकडे तोंड करून. तिला वळवायचं तर आत्ताच, आणि तेही तिच्याच चेहऱ्यानं. दुसऱ्या कुणाचा चेहरा लावायची त्याची छाती नव्हती.

पण तिचा एकही फोटो उरला नव्हता. आठवणीतून रंगवणं भाग होतं. साऱ्या नायिकांच्या नाकपुड्या त्याला तोंडपाठ होत्या. बायकोची? सोफ्यावर ती नेहमी त्याच्या एकाच बाजूला बसे, पलंगावरही. तेवढी बाजू आठवत होती. त्या गालावर एक तीळ होता. की दुसऱ्या?

तो स्वयंपाकघराच्या दारात गेला. "तुझा तीळ कुठल्या गालावर आहे गं?"

पाठ हलली नाही. "तूच सांग."

"सहज विचारतोय."

"मग सहज सांग."

 तो मान खाली घालून परत आला.

धंद्यात यावर तोड आहे. अर्धा चेहरा नीट करायचा, त्याची नक्कल घ्यायची, उलटी करून शेजारी जोडायची. त्याने तेच केलं. डोळ्यांखालच्या सुरकुत्या हाताने सवयीने आपोआप पुसल्या. ओठांवर थोडं हसू ठेवलं आणि तो चेहरा पोस्टरवरच्या बाईला बसवला.

"झालं का काम?"

ती दारात उभी होती. चेहरा होता! त्याने धावत जाऊन तो दोन्ही हातांत धरला आणि लहान मुलासारखा रडला. गाल गरम होते, मऊ होते. दोन्ही गालांवर एकेक तीळ होता. दुधाची तहान ताकावर, असं त्याने मनाला समजावलं. पुन्हा काही बदलायच्या आत त्याने सगळे लेअर एकत्र केले आणि फाइल छापखान्यात पाठवून दिली. एकदा लेअर एकत्र केले की चित्रातलं काहीच वेगळं निघत नाही.

"मी जरा पडते," ती म्हणाली. ओठ हलले नव्हते.

ती खोलीबाहेर गेली. पावलं दूर जात होती, चेहरा त्याच्याकडेच होता.

"थांब. वळ जरा."

"वळलेच आहे."

त्याने छापखान्याला फोन लावला. "मशीनवर चढलंय," तिकडचा माणूस खुशीत म्हणाला. "बाई काय बघते हो! कुठूनही पाहा, आपल्याकडेच."

झोपायच्या खोलीपाशी आईने त्याला अडवलं. "हळू. भिंतीकडे तोंड करून झोपलीय, उठवू नकोस."

त्याने दार लोटलं. उशीवर चेहरा होता, डोळे उघडे. दोन्हीकडून सारखं हसू.

तो पायथ्याशी सरकला. चेहरा समोरच. उशाशी आला. समोरच.

पापणी लवली नाही.

मग त्याने डोळे मिटले आणि हात तिच्यावरून पलीकडे नेला, पलंग आणि भिंतीच्या मधल्या अरुंद जागेत. चाचपडताना बोटांना श्वास लागला. नाक लागलं. डोळ्याखालच्या बारीक सुरकुत्या लागल्या.

गाल ओला होता.