पाचवं झाकण गेलं कुठे?

"ए, झाकणाला पाय लावल्याशिवाय जिंकलीस असं मी मुळीच धरणार नाही!" वकील मागून ओरडला.

भिंगरीने करकचून ब्रेक दाबला. सायकल अर्धी फिरली आणि ती कशीबशी सावरली. "पाय लावू कशाला? कपाळाला? इथे झाकणच नाहीये!"

शर्यत साधी होती. शहरातल्या सांडपाण्याच्या गटारांवरच्या पाच झाकणांना पाय लावायचा. पाचव्याला आधी पोचेल तो जिंकला. नकाशा भिंगरीने पुरवला होता. सुट्टीत ती मावशीकडे राहायला आली होती आणि मावशी नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत सांडपाणी तपासायची. ऐकून वकिलाने आधी नाक दाबलं होतं. वकील म्हणजे मावशीच्या शेजारचा मुलगा. कशावरही वाद घालायचा, म्हणून हे नाव.

"हसू नकोस," मावशीने त्याला तेव्हाच सुनावलं होतं. "माणूस डॉक्टरकडे जायच्या आधीच त्याचा आजार संडासातून गटारात पोचलेला असतो. आम्ही त्याला तिथेच गाठतो. पाच भागांच्या पाच बाटल्या, दर सोमवारी! नगरपालिका पैसे देते ते यासाठीच."

आणि आता नकाशातलं पाचवं झाकण खालच्या गल्लीत दिसतच नव्हतं. होता तो नुसता काळाभोर, गुळगुळीत रस्ता.

तेवढ्यात शिट्टी आला. तो याच गल्लीत राहायचा आणि एरवी चालता-बोलता शिट्टी घालायचा. आज गप्प होता.

"पिटुकलीचा ताप उतरला?" भिंगरीने विचारलं. पिटुकली म्हणजे त्याची पाच वर्षांची बहीण.

"नाही ना. आज नववा दिवस. काल तर ती मला ओळखेना. गल्लीत अजून सात-आठ जण तापाने झोपलेत. डॉक्टर म्हणतात, हवा बदलली की होतं असं. नगरपालिकेचा अहवाल स्वच्छ आहे, साथबीथ काही नाही."

"अहवाल मावशीचा आहे. म्हणजे खराच असणार," भिंगरी ठामपणे म्हणाली. मग तिने विचारलं, "इथलं झाकण कुठे गेलं रे?"

"रस्त्याखाली! तीन महिन्यांपूर्वी कोणी बडे पाहुणे येणार होते, तेव्हा दोन दिवसांत डांबर ओतून मोकळे झाले. पाहुणे आलेच नाहीत."

वकील हसला. भिंगरीला मात्र हसू येईना.

"अरे, गेल्या सोमवारी पाच नंबरची बाटली मावशीच्या टेबलावर होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली! झाकण तीन महिने डांबराखाली आहे, तर ते पाणी आलं कुठून?"

वकील खाली वाकून डांबरावर टकटक करू लागला.

*

"पुरावा पाहिजे," वकील म्हणाला. "पुराव्याशिवाय मोठी माणसं आपल्याला उभंसुद्धा करणार नाहीत."

युक्ती भिंगरीची. झाकण उचलायला लोखंडी आकडा लागतो आणि तो अडकवायला प्रत्येक झाकणाला एक भोक असतं. रविवारी संध्याकाळी त्यांनी उरलेल्या चारही झाकणांची भोकं चिकणमातीने बुजवली. आकडा घातला की माती आत पडणार. झाकण उघडायचं नाही, वाकून आत बघायचं नाही, अशी भिंगरीने दोघांना सक्त ताकीद दिली होती.

सोमवारी दुपारी तिघं सायकलींवरून फेरी मारून आले.

"दोन नंबर, माती जशीच्या तशी!"

"तीन नंबर, माझ्या अंगठ्याचा ठसासुद्धा तसाच!"

"चार नंबर, हात लावलेला नाही!"

माती पडली होती ती फक्त एक नंबरची. ते झाकण नगरपालिकेच्या कचेरीसमोर, बागेच्या कडेला, अगदी सावलीत होतं.

भिंगरी धावतच प्रयोगशाळेत शिरली. टेबलावर बर्फाची पेटी उघडी होती. आत पाच बाटल्या होत्या. एक, दोन, तीन, चार, पाच. प्रत्येकीवर झोकदार अक्षरात वेगवेगळ्या भागाचं नाव!

"एक झाकण आणि पाच बाटल्या?" वकिलाने बाटल्या पुन्हा मोजल्या.

मावशी हातमोजे चढवत होती. भिंगरीने एका दमात सगळं सांगितलं. मावशी आधी हसली, मग तिचा चेहरा उतरत उतरत पांढराफटक पडला. ती स्टुलावर बसली.

"तीन महिने पाचही भागांचे आकडे सारखे येत होते," ती पुटपुटली. "आणि मी सगळ्यांना सांगत सुटले होते, बघा, माझं यंत्र किती छान चालतंय! एकच पाणी पाच-पाच वेळा तपासत होते मी. आणि खाली सही माझी!"

भिंगरीला वाटलं, आपण हे सांगायलाच नको होतं. पण दारात शिट्टी उभा होता आणि त्याच्याकडे बघून तिला गप्प बसवेना.

मावशीने बाटल्या आणणाऱ्या काकांना बोलावून घेतलं. मुलं त्यांना बाटलीकाका म्हणायची. पहिल्याच प्रश्नाला त्यांची बोबडी वळली.

"ताई, झाकण एकट्याने उचलवत नाही हो! माझा जोडीदार तीन महिन्यांपूर्वी रस्त्याच्या कामावर नेला, तो परत दिलाच नाही. एक नंबरचंच तेवढं सैल आहे. पाचवं तर सापडेचना!"

"मग तसं लिहायचं ना!"

"लिहिलं होतं एकदा. साहेबांनी कागद तोंडावर फेकला. म्हणाले, एकही रकाना रिकामा राहिला तर तपासणीचे पैसे अडतील. रकाने भरा! मग मी भरले." त्यांनी मान खाली घातली. "वाटलं, पाणी ते पाणी. सगळं घाणच की!"

"घाणच?" शिट्टी किंचाळला. "माझ्या बहिणीचा ताप होता आमच्या गल्लीच्या पाण्यात!"

बाटलीकाका मटकन खाली बसले.

त्याहून मोठा धक्का मावशीने दिला. "परवा सभा आहे. पाचही भागांत काही सापडत नाही, तर खर्च कशाला, म्हणून तपासणी बंदच करणार आहेत." ती उठली. "काका, पहार घ्या. आत्ताच्या आत्ता तो रस्ता खणू."

पण नगरपालिकेचा रस्ता! साहेबांच्या परवानगीशिवाय त्याला कुदळ लावता येईना. साहेब म्हणजे रस्ते आणि गटारं सांभाळणारे अभियंते. त्यांनी फोनवरच फटकारलं, "नवा रस्ता उकरायचा? डोकं ठिकाणावर आहे का? झाकण जागेवरच असणार, तुमच्या माणसाला दिसत नाही! जे काय असेल ते सभेत बोला!"

मावशीने त्याच संध्याकाळी डॉक्टरांना गाठलं आणि पिटुकलीला इस्पितळात हलवायला लावलं. रक्त तपासायला गेलं. गल्लीतल्या बाकीच्यांना मात्र कोण सांगणार? सांगायला हातात काहीच नव्हतं!

*

बुधवारी नगरपालिकेच्या सभेत साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला. पाच हिरवे ठिपके!

"बघा अध्यक्षबाई, सगळीकडे शून्य. तपासणी बंद केलेलीच बरी."

"साहेब," मागून वकील उभा राहिला, "पाचवं झाकण तुम्ही उघडून दाखवाल?"

"ही पोरं कुणी आत सोडली?" साहेब उखडले.

"राहू दे त्यांना," अध्यक्षबाई म्हणाल्या. "दाखवा की. खालची गल्ली काही लांब नाही."

"दाखवतो ना! त्यात काय! मी आखलेली लाइन आहे, डोळे मिटून सांगतो झाकण कुठे आहे ते!"

भिंगरीने शिट्टीला हळूच कोपर मारलं. मासा गळाला लागला होता!

सगळी सभा खालच्या गल्लीत आली. साहेबांनी नकाशा धरला, पावलं मोजली, खांबापाशी थांबले आणि ऐटीत खाली बोट दाखवलं. बोटाखाली डांबर होतं. ते चार पावलं पुढे गेले. डांबर! मागे आले. तिथेही डांबर!

"गुळगुळीत झालाय हं रस्ता," वकील म्हणाला.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. अध्यक्षबाई सगळ्यांकडे बघत राहिल्या. "मग या भागाचा अहवाल दर आठवड्याला येतो तो कसला?"

मावशी पुढे झाली. भिंगरीने तिचा हात घट्ट धरला.

"तीन महिन्यांचे माझे सगळे अहवाल चुकीचे आहेत," मावशी स्पष्ट म्हणाली. "बाटल्या एकाच जागच्या होत्या आणि मी एकदाही जाऊन पाहिलं नाही. शिक्षा द्यायची ती नंतर द्या. आधी हे खणा."

अध्यक्षबाईंनी नुसती होकाराची मान हलवली. शिट्टीने दाखवलेल्या जागी बाटलीकाकांनी पहिला घाव घातला आणि दुसरी पहार हातात घ्यायला, अहो आश्चर्यम्, खुद्द साहेब पुढे आले! तासाभरात झाकण निघालं. बाटली भरली आणि मावशी ती घेऊन पळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती प्रयोगशाळेतून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते.

"टायफॉइड," ती म्हणाली. "भरपूर आहे. पिटुकलीच्या रक्तातही तेच निघालं. आता तिला योग्य औषध सुरू झालंय."

"वाचेल ना?" शिट्टीने विचारलं.

"वाचेल. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलीत."

शिट्टी तिथेच ढसाढसा रडला आणि कोणी त्याला चिडवलं नाही.

तासाभरात अध्यक्षबाई स्वतः आल्या. गल्लीतली पिण्याच्या पाण्याची नळी गटाराशेजारीच फुटली होती आणि गटाराचं पाणी तिच्यात शिरत होतं. ती दुरुस्तीला घेतली होती. तपासणी चालू राहणार होती, बाटलीकाकांना जोडीदार मिळणार होता आणि रकाना रिकामा राहिला तर आधी कारण विचारलं जाणार होतं.

"आम्हा एवढ्या मोठ्या माणसांना जे दिसलं नाही ते या तिघांनी पाहिलं," त्या म्हणाल्या. "शाबास! आणि ताई, स्वतःची चूक चारचौघांत सांगणारा माणूस मी काल पहिल्यांदा पाहिला. तुम्हीच हे काम सांभाळायचं." मग त्या मुलांकडे वळल्या. "बोला, काय बक्षीस हवं?"

जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिट्टीने वाजवल्या नाहीत.

"टाळ्या मागाहून वाजवा ना!" तो म्हणाला. "आमच्या गल्लीत आत्ता सगळे तेच पाणी पीत असतील. आधी त्यांना सांगा!"

टाळ्या थांबल्या. अध्यक्षबाईंनी ड्रायव्हरला हाक मारली.

पाच मिनिटांत नगरपालिकेची भोंग्याची गाडी खालच्या गल्लीत शिरली. भिंगरी आणि वकील मागे दाटीवाटीने बसले होते आणि माइक शिट्टीच्या हातात होता.

"नळाचं पाणी पिऊ नका! उकळून प्या! ताप असेल त्याला आजच इस्पितळात न्या!"

खिडक्या फटाफट उघडल्या. कोपऱ्यावरच्या घरात एका आजोबांनी पेला ओठांशी नेला होता. त्यांनी तो खाली घेतला, गाडीकडे पाहिलं आणि मोरीत ओतून दिला.