हिरव्या व्हॅनचं रिकामं खोकं

ही गोष्ट घडलेली आहे. पटवून देण्याचा माझा हट्ट नाही. पण ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा मामा, आणि मामाला थाप मारता येत नाही. मारायला गेला की कान लाल होतात.

मंगळवार होता. भर दुपार. मामाचं चष्म्याचं दुकान मंगळवारी बंद असतं.

मामाला नाद एकच. जुन्या डाय-कास्ट खेळण्यातल्या गाड्या. बोटभर लांबीच्या, ओतीव धातूच्या, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या. रंग मूळचा हवा, चाकं मूळची हवीत आणि जमलं तर पुठ्ठ्याचं खोकंही मूळचंच. मुलं खोकी फाडून टाकायची, म्हणून गाडी सापडते पण खोकं सापडत नाही. मामा भिंग लावून तासन्‌तास गाड्या निरखायचा. मामी म्हणायची, "बघायला आला होतात तेव्हा मला एवढं निरखलं नाहीत ते बरं झालं."

त्या मंगळवारी तो एका निवृत्त शिक्षिकेकडे गेला. बाईंचा नवरा दोन महिन्यांपूर्वी वारलेला. तोही याच नादातला. त्याच्या सगळ्या गाड्या बाईंना चांगल्या हातात द्यायच्या होत्या.

मामाने एकेक गाडी पिशवीत भरली. शेवटी एक खोकं उरलं.

रिकामं.

वर चित्र होतं फिकट हिरव्या ब्रेडच्या व्हॅनचं. मामाने खोकं उचलून उजेडात धरलं. हा रंग एकच वर्ष निघाला होता.

यातली गाडी कुठेय, असं त्याने विचारलं. बाईंनी शांतपणे सांगितलं. शेवटचे आठ दिवस नवऱ्याने ती हातातून सोडलीच नाही. गेला तेव्हाही मूठ घट्ट. दोघा शेजाऱ्यांनी मिळून उघडायचा प्रयत्न केला, उघडेना. त्यांच्यात पुरतात; शेवटी तशीच... गाडीसकट त्याला मातीत ठेवलं.

"बाकी सगळं न्या," बाई म्हणाल्या. "हे खोकं मात्र राहू द्या."

मामा हो म्हणाला. बाई पाणी आणायला आत गेल्या...

आणि मामाने खोकं पिशवीच्या तळाशी सरकवलं.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने कोणाची वस्तू न विचारता उचलली होती.

तीन आठवड्यांत त्याने तशीच हिरवी व्हॅन मिळवली. दुसऱ्या एका संग्राहकाला आपल्या दोन लाडक्या गाड्या देऊन. व्हॅन खोक्यात बसवली, खोकं काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. त्या दिवशी तो जेवताना गुणगुणत होता, असं मामी सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान दोन तास बंद करून तो घरी आडवा झाला होता. घरात शांतता.

टक्...

पुठ्ठ्याची झडप उघडल्यासारखा आवाज.

मग काचेवरून बारीक चाकं फिरल्याचा.

तो उठून बघतो तर कपाटाला कुलूप तसंच. खोकं मात्र उघडं. व्हॅन बाजूला आडवी पडलेली.

पुठ्ठा जुना आहे, झडप निसटली असेल. त्याने मनाची समजूत घातली.

पुढच्या दुपारी पुन्हा तेच.

तिसऱ्या दुपारी तो खुर्ची टाकून कपाटासमोरच बसला. पाऊण तास काही नाही. स्वयंपाकघरातून मामीने हाक मारली. त्याने फक्त मान वळवली...

टक्.

या वेळी झडप उघडी नव्हती. बंदच होती.

त्याने कुलूप काढलं, खोकं हातात घेतलं. आत गाडी होती, वजन लागत होतं. पण पुठ्ठा खालून ओला होता.

त्याने गाडी बाहेर काढली.

तीच व्हॅन. तोच हिरवा रंग. फक्त टपावरचा रंग अंगठ्याएवढा घासून गेलेला, आतला धातू दिसणारा. आणि चाकांत माती घट्ट बसलेली.

ओली माती.

मामाची व्हॅन कपाटात नव्हती. कपाटाखाली नव्हती. कुठेच नव्हती.

मामी हात पुसत आली. गाडीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अहो, ही कुठून उकरून आणलीत?"

मामाने तेव्हा तिला खोक्याचं सांगितलं. ती रागावली नाही. चपला घाला, एवढंच म्हणाली.

बाईंनी दार उघडलं. व्हॅन बघितली. हातात घेतली आणि टपावर अंगठा ठेवला. घासलेल्या जागेवर तो बरोब्बर बसला नाही. नवऱ्याचा अंगठा मोठा होता, असं त्या म्हणाल्या.

मामाने चोरी कबूल केली. बाईंचा आवाज चढला नाही.

"तरीच," त्या म्हणाल्या. "रोज दुपारी माझी कपाटं उघडी सापडत होती. खोकं शोधत होते बिचारे."

मामाला राहवलं नाही. त्याने विचारलं, "पण माझी व्हॅन कुठे गेली?"

"तुमची चांगली होती ना? रंग शाबूत?"

"हो."

"मग केली अदलाबदल. आमचे हे असेच होते. एखाद्याकडे चांगली गाडी दिसली की त्याचं घर सुटायचं नाही."

त्या हसल्या नाहीत. खोकं आणि व्हॅन घेऊन त्यांनी दार लावून घेतलं.

मामाने सगळ्याच गाड्या विकायचं ठरवलं. एका बँकेतल्या साहेबांनी येऊन दहा निवडल्या, उद्या नेतो म्हणाले. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"गाड्या राहू द्या," साहेब म्हणाले. "तुमच्या मागे जे उभे होते ना, त्यांना पसंत नव्हतं. मी एखादी उचलली की नको म्हणून मान हलवत होते."

साहेब आले त्या दुपारी मामी बहिणीकडे गेली होती. मामा घरात एकटा होता.

त्याने पुन्हा कधी विकायचं नाव काढलं नाही. नवीन गाडीही घेतली नाही. बाईंकडे आता सगळं शांत आहे म्हणे. मामाच्या घरीही खडखड नाही, काही हरवत नाही. मामीच्या जिवाला घोर लागलाय तो वेगळाच.

गेल्या महिन्यात मी गेलो होतो. दुपारचं जेवण झालं. मामा गाड्यांच्या खोलीत गेला आणि दार पुढे केलं.

थोड्या वेळाने त्याचा आवाज यायला लागला. या गाडीचे आरसे मूळचे आहेत, ही चाकं बदललेली आहेत... समजावून सांगितल्यासारखा. मध्ये थांबायचा. हं, हं, करायचा. पुन्हा बोलायला लागायचा.

"कोणाशी बोलतो गं?" मी मामीला विचारलं.

ती भाजी निवडत राहिली.

मी दाराला कान लावला. मामा थांबला होता. आत अगदी शांत होतं.

आणि मग मामा मोठ्याने हसला... कोणीतरी काहीतरी गमतीचं बोलल्यासारखा.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.